गोदामातला मुक्काम

‘ओल्डहॅम’ हा शब्द मी ‘मँचेस्टर’च्या आधी ऐकला. आमच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हते. परंतु वडिलांना इंग्रजी अक्षरांची एक ओळ येत होती. इंदूरच्या एका कापडगिरणीच्या सूतखात्यात ते ज्या रिंग फ्रेमवर उभे राहत, तिच्या टोकाच्या ओतीव लोखंडावर कारखानदाराचे नाव उठावाच्या अक्षरांत होते : प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. रोज आठ तास डोळ्यांसमोर असल्यामुळे ती ओळ, अक्षरे म्हणून नव्हे तर रांगोळीच्या आकृतीसारखी त्यांना पाठ झाली होती. मी सहावीत गेलो आणि शाळेत इंग्रजी सुरू झाले, त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या पाटीवर ती ओळ जशीच्या तशी काढून दाखवली आणि विचारले, “यातली किती अक्षरे तुला आली?” मला तीन आली होती.

ही आठवण इतक्या वर्षांनी वर येण्याचे कारण एक स्वस्त हॉटेल. २०२४ च्या डिसेंबरात मुलीच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही उभयता मँचेस्टरला गेलो. मुलगी चार मैत्रिणींबरोबर ज्या घरात राहत होती, तिथे पाहुण्यांना जागा नव्हती. तेव्हा सहा रात्रींसाठी तिनेच एक हॉटेल शोधून ठेवले होते. “बाबा, स्वस्त आहे, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर आहे, याहून जास्त काही विचारू नका,” असे तिने फोनवर बजावले होते. स्वस्त म्हणजे दर रात्री ४५ पौंड. त्याचे रुपये करावयाचे नाहीत, असे आम्ही विमानात ठरवले होते. तो निश्चय पिकॅडिली स्टेशनाबाहेर येईपर्यंत टिकला.

दुपारचे चार वाजले होते आणि अंधार पडला होता. पाऊस होता, पण आपल्याकडचा नव्हे. हा पाऊस पडत नाही, नुसता हवेत उभा असतो. विटांच्या चार-चार, पाच-पाच मजली इमारतींमधून अरुंद गल्ल्या गेलेल्या, खाली कालव्याचे काळे पाणी, आणि दिव्यांच्या उजेडात ओल्या विटांचा रंग सुकलेल्या रक्तासारखा. आमचे हॉटेल अशाच एका गल्लीत होते. दाराशी सामान उचलायला कुणी आले नाही. लिफ्ट होती, तिच्यात दोन माणसे किंवा एक माणूस आणि एक पेटी, असा पर्याय होता. सौ. पेटीबरोबर वर गेली, मी जिन्याने.

चौथ्या मजल्यावरील खोलीत एक पलंग, एक खुर्ची, भिंतीला टांगलेला दूरदर्शन संच, पाणी उकळण्याची विजेची किटली, चहाच्या चार पुड्या आणि अंगठ्याएवढ्या चार डब्यांत दूध, एवढा संसार होता. खिडकी चार बोटेच उघडत असे. त्याहून अधिक उघडू नये म्हणून तिला खिळ बसवलेली. न्हाणीघर स्वच्छ, परंतु बादली नाही आणि तांब्याही नाही. इंदुरी शेवेचा जो प्लॅस्टिकचा डबा आम्ही लेकीसाठी नेला होता, तो त्याच रात्री रिकामा करून कामास लावण्यात आला. वॉशबेसिनला दोन स्वतंत्र तोट्या होत्या : एकीतून पोळणारे पाणी, दुसरीतून गोठवणारे. मधली स्थिती ज्याने त्याने आपल्या ओंजळीत साधावी. बाहेरची भिंत हातभर जाडीची. आतल्या भिंती मात्र पुठ्ठ्याच्या असाव्यात, कारण शेजारच्या खोलीतील गृहस्थ कोणत्या कुशीवर वळले हे आम्हाला कळत होते. शनिवारी रात्री फुटबॉलचा सामना पाहून आलेली मंडळी आमच्या मजल्यावर उतरली. त्यांचा संघ हरला होता की जिंकला होता, ते शेवटपर्यंत समजले नाही. दोन्ही प्रसंगी गाणी तीच म्हणतात, असे मुलगी म्हणाली.

परंतु त्या खोलीत एक वस्तू अशी होती, की तिच्याकडे माझे लक्ष पुनःपुन्हा जाई. पलंगाच्या उशाशी, भिंतीपासून वीतभर पुढे, एक गोल लोखंडी खांब जमिनीतून निघून छतात गेला होता. पांढरा रंग दिलेला, वर साधीशी कमळाकृती. त्याचे त्या खोलीत काही काम दिसत नव्हते. रात्री उठले की कपाळ त्याच्यावर आपटे. मुलीला विचारले, तेव्हा तिने सहज सांगितले, “बाबा, हे पूर्वी कापडाचे गोदाम होते. इथल्या अर्ध्या इमारती तशाच आहेत.”

मग खिडकीचा आकार समजला, भिंतीची जाडी समजली. मँचेस्टर हे गिरण्यांचे गाव म्हणून आपण शाळेत शिकतो आणि शिकवतोही. मीही शिकवले आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कताई आणि विणकाम बरेचसे भोवतालच्या ओल्डहॅम, बोल्टन, रॉचडेल अशा गावांकडे सरकले आणि खुद्द शहर व्यापाऱ्यांचे, दलालांचे आणि गोदामांचे झाले. पोर्टलंड स्ट्रीटवर वॉट्स नावाच्या व्यापाऱ्यांचे १८५६ मध्ये पुरे झालेले गोदाम पाहिले, तर एखाद्या संस्थानिकाचा वाडाच वाटावा; प्रत्येक मजल्याच्या खिडक्यांची शैली निराळी. त्याचेही आज हॉटेलच झाले आहे. गोदामांत वरच्या मजल्यांवर मोठ्या खिडक्यांच्या उजेडात गिऱ्हाइकाला कापड दाखवीत आणि तळघरात पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी गठ्ठे आवळीत. ते दाबाचे पाणी १८९४ पासून नगरपालिकाच रस्त्याखालच्या नळांतून पुरवीत असे. आमच्या हॉटेलची न्याहारी तळघरातच मिळे. जिथे एकेकाळी धोतरांचे गठ्ठे आवळले जात, तिथे आम्ही टोस्ट आणि टोमॅटोच्या रसातील घेवड्याच्या बिया खात होतो. न्याहारीचे पैसे भाड्यातच धरले असल्यामुळे दुपारचे जेवणही सकाळीच उरकावे असा सौ.चा आग्रह असे.

धोतरांचे गठ्ठे हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. हिंदुस्थानसाठी धोतरे आणि लुगडी लँकेशायरमध्ये खास विणली जात. ताग्यांवर चिकटवायची लक्ष्मी, कृष्ण, गजराज यांची रंगीत चित्रेदेखील मँचेस्टरलाच छापली जात. माझ्या आजीच्या देवघरात ताग्यावरून सोडवून चौकटीत बसवलेली एक लक्ष्मी होती. तिची पूजा आम्ही दर दिवाळीला केली. तिचे माहेर कोणते, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळले.

याच व्यापाराच्या दडपणामुळे १८९६ मध्ये आपल्याकडील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला आणि तो १९२५ पर्यंत राहिला. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताची खादी नेसून गेले, ते याच गोदामांना उत्तर म्हणून. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या मालमोटारीखाली ज्याने प्राण दिला, तो बाबू गेनू स्वतः गिरणी कामगार होता. त्याच्या गावचा किंवा त्याच्या जातीचा मी नाही, पण गिरणीच्या चाळीत वाढलेला असल्यामुळे त्याचे नाव घरातल्या माणसासारखे ऐकले आहे. अशा एखाद्या गोदामात आपण पैसे देऊन झोपावे, हे पहिल्या दोन रात्री मला काही बरे वाटले नाही.

दिवसा मुलगी शहर दाखवी. रॉयल एक्सचेंज या सूतबाजाराच्या प्रचंड दालनात आता नाट्यगृह आहे. १९६८ मध्ये व्यवहार थांबले आणि १९७६ मध्ये दालनाच्या मधोमध काचेची आणि पोलादाची सात बाजूंची रंगभूमी उभी राहिली. वर उंच भिंतीवर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच लावलेले आहेत. कॅथीड्रलजवळ गांधीजींचा नऊ फुटी पुतळा २०१९ मध्ये बसवला. तो घडवला धुळे जिल्ह्यातील गोंदूरच्या राम सुतारांनी, हे मी सौ.ला सांगितले, तेव्हा तिने पावसात चपला काढून नमस्कार केला. गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरात याच प्रांतातील डार्वेनला गेले होते. बहिष्कारामुळे ज्यांच्या गिरण्या थंडावल्या होत्या, त्याच कामकरी बायांनी त्यांच्याभोवती आनंदाने गर्दी केली. ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

चौथ्या रात्री अडीच वाजता सगळ्या हॉटेलात एकदम आगीची घंटा वाजू लागली. घंटा कसली, किंकाळीच. सौ.ने स्वेटरावर शाल, शालीवर हॉटेलची रजई अशा थाटात जिना उतरला. मी पायजम्यावर कोट चढवला आणि, का कोण जाणे, पासपोर्टांऐवजी चिवड्याची पिशवी उचलली. गल्लीत पन्नास-साठ माणसे ओल्या फरसबंदीवर अर्धा तास उभी होती. आग नव्हती. कुणीतरी खोलीत सिगारेट ओढली होती. रात्रपाळीचा कारकून हातातील यादीवर एकेकाच्या नावापुढे खूण करीत फिरत होता : साठीचा गृहस्थ, पांढरी दाढी, अंगात हॉटेलचा जांभळा कोट. आमच्यापाशी येऊन त्याने नाव वाचले, वर पाहिले आणि हिंदुस्थानीत म्हणाला, “बहेनजींना आत बसवा. घंटा बंद झाली की चहा करतो. पुडीचा नव्हे, खरा.”

तो चहा आम्ही तळमजल्यावर त्याच्या टेबलाशी बसून प्यालो. दूध घालून उकळलेला, वेलची टाकलेला. चार दिवसांनी तसा घोट मिळाला, त्याचे वर्णन मी करीत नाही. त्यांचे घराणे मीरपूरकडचे. मंगला धरणात गाव बुडाले आणि वडील विलायतेला आले, ओल्डहॅमच्या एका सूतगिरणीत रात्रपाळीवर. “दिवसा गोऱ्या बाया, रात्री आमची माणसे,” ते म्हणाले. स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास तेव्हा तिथे कायद्याची मनाई होती. यंत्रे चोवीस तास चालवायची तर रात्रीसाठी पुरुष हवे होते, आणि त्या पगारात ते मीरपूर, सिल्हेट, गुजरात इकडून मिळत होते.

“कोणत्या खात्यात होते?” मी विचारले.

“रिंगवर.”

मी त्यांना ती ओळ सांगितली. ते हसले. त्यांच्या वडिलांच्या फ्रेमवरही तीच होती. यात नवल काहीच नव्हते, ते यंत्र त्याच गावचे. नवल आमच्या बाजूला होते. “अब्बांना शेवटी ऐकू येत नव्हते,” ते म्हणाले. “घरात सगळे ओरडून बोलायचे. शेजारचे गोरे म्हणायचे, यांच्यात रोज भांडण आहे.” माझ्या वडिलांचेही तेच. आमच्या चाळीत तर सगळेच ओरडून बोलत. गिरणीच्या आवाजात बोलायची सवय झालेली माणसे घरातही हातवारे करून, ओठ रुंद हलवून बोलत. लँकेशायरच्या बायादेखील यंत्राच्या गोंगाटात नुसत्या ओठांनी बोलत, असे त्यांच्याकडून कळले. बोलता बोलता आम्हा दोघांचे आवाज इतके चढले, की सौ.ने माझा हात दाबला. “अहो, लोक आत्ता कुठे झोपलेत.”

मग शेवटाची गोष्ट निघाली. त्यांच्या वडिलांची गिरणी १९८० च्या सुमारास बंद झाली. ओल्डहॅममधील शेवटची सूतगिरणी १९९८ मध्ये थांबली. बंद होताना मालकाने कामगाराला नुकसानभरपाई द्यावी, असा कायदा ब्रिटनमध्ये १९६५ पासून होता. “आठवड्याच्या आत चेक आला,” ते म्हणाले. “फार नव्हता. अब्बांनी एका टॅक्सीत भागी घेतली. पण पुढे बरीच वर्षे ते रात्री दहा वाजता डबा घेऊन दाराशी उभे राहत.”

इंदूरच्या वाचकांना पुढचे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या कारकिर्दीत, १८७० च्या सुमारास दरबारची गिरणी निघाली तेव्हापासून आमच्या शहराची घडी भोंग्यावर बसलेली होती. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत रात्रभर चालणाऱ्या झाँक्याही गिरण्यांच्याच. मग एकेक भोंगा थांबला. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या देण्याचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी निघाला. बत्तीस वर्षांनी, पुष्कळांच्या बाबतीत विधवांच्या आणि नातवंडांच्या हाती. माझे वडील होते ती गिरणी दुसरी. तिचे नाव मी इथे घेत नाही. दर रविवारी ते सभेला जात आणि येताना कोथिंबीर घेऊन येत, म्हणजे दिवस अगदीच फुकट गेला असे होऊ नये. २००४ मध्ये ते गेले. त्यांच्या ट्रंकेत पितळी बिल्ला, हजेरीचे कार्ड आणि अर्जांच्या एकोणीस नकला निघाल्या. अर्ज मीच लिहून दिलेले होते. त्यांतील मराठी वळणाची हिंदी आज वाचताना मला लाज वाटते. आणखी चांगले लिहायला हवे होते.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले की नाही, मला नीट आठवत नाही. बहुधा थोडेसेच सांगितले. ते म्हणाले, “मास्टरसाहेब, लिव्हरपूल रोडवर म्युझियम आहे. तिथे जुनी यंत्रे आहेत. लोकांना दाखवायला चालवतात. जाऊन या.”

पदवीदान समारंभ व्हिटवर्थ हॉलमध्ये थाटात पार पडला. त्याविषयी लिहिण्यासारखे जे असते, ते प्रत्येक आईबापाजवळ सारखेच असते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्या विज्ञान-उद्योग संग्रहालयात गेलो. तिथेच १८३० मध्ये सुरू झालेल्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे स्टेशन आहे. शाळेच्या दृष्टीने मी ते आधी पाहायला हवे होते. मी सरळ कापडाच्या दालनात गेलो. पिंजण्यापासून विणण्यापर्यंतची यंत्रे ओळीने मांडलेली. एक तरुण मुलगी ती चालवून दाखवीत होती. एका कताईच्या यंत्राच्या टोकाशी मी वाकलो, तर ती ओळ होती. वडिलांनी पाटीवर काढलेली अक्षरे किंचित उजवीकडे कललेली असत, ही मला त्यांची सवय वाटे. इथे पाहिले तर ती आपल्या जागी ताठ होती. यंत्राच्या टोकाशी उभे राहून ते ती तिरपी वाचत असणार.

मुलीने यंत्र चालू केले. दोनच मिनिटे. एकाच यंत्राचा तो आवाज. खात्यात अशी शंभर असत. पोटात काहीतरी हलू लागले. सौ.ने कानांवर हात ठेवले. यंत्र थांबल्यावर त्या मुलीने मला विचारले, आपल्या घरचे कुणी यावर होते का? मी होकार दिला. “कोणत्या गिरणीत?” तिने ओल्डहॅममधली दोन-तीन नावे सुचवली. मी म्हणालो, “इंदूर.” तिला ते गाव ठाऊक नव्हते. तिने ते मला सांगायला लावून वहीत लिहून घेतले.

परतताना आम्ही अँकोट्सवरून चालत आलो. १७९८ मध्ये उभी राहिलेली मरेंची वाफेवरची गिरणी अजून कालव्याकाठी उभी आहे; विटा घासून स्वच्छ केलेल्या, आत उत्तम सदनिका, खिडक्यांत नाताळचे दिवे. आपल्याकडे पडक्या चिमण्या पाहून आलेल्या माणसाला हे पाहून हेवा वाटतो. तसे मी रात्री त्या गृहस्थांना म्हटलेही. ते म्हणाले, “सुंदर आहेत. माझा मुलगा तिथे विजेचे काम करून आला. भाडे ऐकून परत आला.”

शेवटच्या सकाळी हॉटेल सोडले. किल्लीचे पत्र्यासारखे कार्ड टेबलावरच्या डब्यात टाकायचे, एवढाच निरोप. त्यांची पाळी संपलेली होती. टेबलाशी दुसरी कुणी मुलगी होती. उरलेली शेव आणि चिवडा पुडीत बांधून, वर त्यांच्यासाठी म्हणून लिहून, आम्ही तिच्यापाशी ठेवला. खांबाला मी उगीचच हात लावून आलो होतो. थंड होता.

पिकॅडिलीच्या फलाटावर गाडीला वीस मिनिटे होती. इंदुरात दुपार झाली असेल, म्हणून मी दादाला फोन लावला. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याच गिरणीत तो बदलीवर लागला आणि कायम होण्याआधी भोंगा थांबला. त्याच्याही कानांचे आता तसेच आहे.

“दादा, बाबांचे यंत्र पाहिले,” मी म्हणालो.

“काय?”

“यंत्र! बाबांचे! नावाची पाटी आहे त्याच्यावर!”

पलीकडे काही वेळ काहीच आले नाही. मग त्याने विचारले, “चालू होते की बंद?”

“चालू होते,” मी ओरडून सांगितले. फलाटावरची माणसे वळून पाहू लागली, तेव्हा सौ.ने त्यांची क्षमा मागितली.